मुंबईची दोन दिवसांची सहल : काय पाहावे, कसे पाहावे

राज्याच्या कोणत्याही जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या सहलींची यादी काढली, तर तिच्यात मुंबईचे नाव आढळतेच. पंचायत सदस्यांचे अभ्यासदौरेही राजधानीला येतात. मात्र यांपैकी बहुतेक सहलींचा कार्यक्रम ठरीव साच्याचा असतो. रात्रभर प्रवास करून पहाटे शहरात शिरायचे, गाडीच्या खिडकीतून अमुक इमारत आणि तमुक नटाचा बंगला पाहायचा, चौपाटीवर भेळ खायची, थोडी खरेदी करायची आणि पुन्हा रात्रीचा प्रवास. अशा रीतीने दोन दिवसांत पंधरा स्थळे 'उरकली' जातात. पण मुलांच्या वहीत त्या स्थळांच्या नावांपलीकडे काही उतरत नाही. प्रस्तुत लेखकाने शिक्षक या नात्याने अशा सहली स्वतः नेल्या आहेत, तेव्हा हा दोष दुसऱ्याचा म्हणून येथे सांगितलेला नाही.

दोन दिवसांत मुंबई पाहून होत नाही, हे आधी मान्य करावे आणि पाच-सहा स्थळेच निवडावीत. ती निवडताना आपल्या गावाचा या शहराशी संबंध कोठे येतो, हा प्रश्न पुढे ठेवावा.

निघण्यापूर्वी

या प्रश्नाचा आरंभ वर्गातच करता येतो. आपल्या गावातून मुंबईला कोण कोण गेले, कोणत्या साली गेले, तेथे काय काम केले, याची माहिती मुलांनी घरोघर जाऊन लिहून आणावी. कोकणात आणि घाटावर तर क्वचितच एखादे गाव असे सापडेल, की जेथून गिरणीत कोणी गेले नाही. मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गावाकडचा तरुण आणि गिरणीचा भोंगा यांचे नाते टिकले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्या नाहीत आणि कित्येक कुटुंबे गावी परतली. ही माणसे अजून गावात आहेत. सहलीपूर्वी त्यांच्यापैकी एकास शाळेत बोलावून तासभर ऐकावे. लालबाग-परळ भागातून गाडी जाईल तेव्हा जुन्या गिरणीची चिमणी आणि तिच्या शेजारचा उंच मनोरा मुलांना वेगळ्याच अर्थाने दिसेल.

सोमवारी मुंबईत पोहोचणार नाही, अशी तारीख निवडावी. घारापुरीची लेणी त्या दिवशी बंद असतात आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही बंद असते. पावसाळ्यात लाँचचा प्रवास भरवशाचा नसतो. पालकांची लेखी संमती आणि शिक्षण विभागाची परवानगी याबद्दल निराळे सांगण्याची गरज नाही.

पहिला दिवस : बंदर आणि बेट

सकाळी लवकर अपोलो बंदरावर यावे. 'गेटवे ऑफ इंडिया' ही कमान राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११ च्या आगमनाचे स्मारक म्हणून कल्पिली गेली. पण राजा आला तेव्हा ती बांधलेली नव्हती, ही गोष्ट मुलांना हमखास गमतीची वाटते. पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी झाली होती खरी. परंतु जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला आणि कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून जहाजाकडे गेली. समोरच्या उद्यानात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले.

येथून लाँचने तासाभरात घारापुरीस पोहोचता येते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील एका प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून अनेकांचे प्राण गेले. म्हणून प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट बांधले गेल्याचे शिक्षकांनी स्वतः हात लावून पाहावे आणि तोपर्यंत लाँच निघू देऊ नये. नावाडी घाई करतात. त्यांची घाई मनावर घेऊ नये.

धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे सव्वाशे पायऱ्या चढाव्या लागतात. मुख्य लेणे साधारणपणे सहाव्या शतकातील. आत शिरताच डोळे अंधारास सरावेपर्यंत मुलांना दोन मिनिटे नुसते उभे करावे, मग दक्षिणेकडील भिंतीतील त्रिमुखी शिवमूर्ती हळूहळू उमटू लागते. तिची उंची साडेपाच मीटरच्या आसपास आहे. लोक तिला 'त्रिमूर्ती' म्हणून ओळखतात व ब्रह्मा, विष्णू, महेश असा तिचा अर्थ लावतात. अभ्यासकांच्या मते मात्र ही तिन्ही रूपे एकट्या शिवाचीच असून मूर्ती सदाशिवाची आहे. एक मुख उग्र, एक कोमल आणि मधले शांत. कोणते मुख कोणत्या बाजूस आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. अर्धनारीश्वर, गंगाधर, कैलास हलविणारा रावण हे शिल्पपट पुष्कळ ठिकाणी फुटलेले आहेत. तरीही वेळ द्यावा तो यांनाच. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारशात समावेश केला.

पंचायत सदस्यांसाठी घारापुरीत लेण्यांइतकेच पाहण्यासारखे दुसरे काही आहे, ते म्हणजे गाव. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्यांचे हे गाव रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. जगभरचे पर्यटक येथे येत होते, समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसत होते, आणि गावात मात्र संध्याकाळी काही तास जनित्राची वीज मिळे. समुद्रतळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून येथे कायम वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! गावकऱ्यांशी पाच मिनिटे बोलावे. वीज आल्यावर दुकानात, घरात आणि मुलांच्या अभ्यासात काय बदलले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

दुपारी परतल्यावर हुतात्मा चौकातून चालत जावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे येथील स्मारक शेतकरी व कामगार यांच्या हाती एकच मशाल देते. तेथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले. तिच्यावरील पाने, पक्षी, प्राणी कोरण्यात सर ज. जी. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली ती याच परिसरातून. ही इमारत त्यानंतरची.

दुसरा दिवस : टेकडी आणि पाणी

सकाळी मलबार टेकडीवर जावे. सहलीच्या गाड्या येथे थांबतात त्या 'हँगिंग गार्डन'मधील झाडांना दिलेले प्राण्यांचे आकार पाहण्यासाठी. एकदा एका विद्यार्थिनीने येथे विचारले, "सर, ही बाग लोंबकळत कुठे आहे?" उत्तर पायाखाली होते. हे उद्यान शहरास पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या छतावर वाढविलेले आहे. त्या दिवसापासून या लेखकाने बागेचा थांबा पाण्याच्या धड्यासाठी राखून ठेवला.

हा धडा थोडक्यात असा. विहिरी आणि तलाव पुरेनासे झाले, १८५४ च्या टंचाईने शहर हवालदिल झाले आणि पुढे १८६० मध्ये विहार तलाव तयार झाला. तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये. वस्ती वाढत गेली तसे शहर पाण्यासाठी अधिकाधिक दूर गेले : मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज सात जलस्रोतांतून मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी मिळते. त्यातील फार मोठा वाटा शहापूर तालुक्यातील धरणांचा आहे, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे सांगताना आवाज चढविण्याचे कारण नाही. धरण कोठे, जलवाहिनी कोठून जाते, तिच्या काठचे गाव कोणते, एवढे नकाशावर दाखविले की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात. पंचायत सदस्यांना तर पुढचे सांगावेही लागत नाही.

टेकडीच्या टोकाशी बाणगंगा तलाव आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही त्याचे पाणी गोडे आहे.

उतरताना गावदेवीतील मणिभवन पाहावे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम या घरात असे. तेथील चरखा आणि ग्रंथालय पाहून गवालिया टँकच्या मैदानावर यावे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'भारत छोडो'चा ठराव येथे झाला. गिरगाव चौपाटीकडे जाताना तुकाराम ओंबळे यांच्या पुतळ्यापाशी थांबावे. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे हे पोलीस अधिकारी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हाती केवळ काठी असताना सशस्त्र अतिरेक्यास भिडले व धारातीर्थी पडले. मुलांना येथे भाषण देऊ नये. पाटी वाचू द्यावी.

वेळ उरल्यास भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात जावे. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीस 'एलिफंटा' हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना फुटला. पुढे त्याचे तुकडे सांधून तो येथे उभा करण्यात आला. सांधे जवळून पाहिल्यास दिसतात. आदल्या दिवशी बेट पाहिलेली मुले ते आपण होऊन शोधतात. तिसरा दिवस हाताशी असेल, तर कान्हेरीची लेणी पाहावीत. डोंगरात कोरलेल्या तेथील पाण्याच्या पोढ्या पाहिल्यावर मलबार टेकडीवरचा धडा दोन हजार वर्षे मागे जातो.

परतीचा प्रवास शक्यतो दिवसा करावा. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांनी शहापूरजवळ थोडे थांबावे आणि मुलांना ती जलवाहिनी दाखवावी.