खाद्यात एन्झाइम घालतेस, तर ऐक

ताई, शिरूरकडे शेड घातलीस आणि खाद्य स्वतः भरडतेस, हे फार चांगलं केलंस. आपली खराडी 1997 मध्ये महापालिकेत गेली, पुढे इथे कोंबड्यांना जागा उरली नाही. पण मका-सोयाचं गणित तेच आहे. ब्रॉयलरच्या खर्चातले दहातले सहा-सात रुपये खाद्यातच जातात.

एन्झाइम म्हणजे टॉनिक नव्हे. पक्ष्याच्या पोटाला जे फोडता येत नाही ते फोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम. धान्य-पेंडीतला जवळजवळ दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. कोंबडी तो बहुतेक तसाच विष्ठेतून टाकते आणि आपण वरून महागडं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालत बसतो. फायटेज तो फॉस्फरस मोकळा करतं. किलो खाद्याला 500 युनिट पडलं, तर साधारण 0.12 टक्के फॉस्फरस सुटतो असं धर. डीसीपीत फॉस्फरस 18 टक्के; म्हणजे टनामागे साडेसहा किलोच्या आसपास डीसीपी उतरवता येतं. फॉर्म्युला जुनाच ठेवून वरून नुसतं पाकीट ओतलंस, तर ही बचत हाती लागत नाही, सुटलेला फॉस्फरस लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या भुशात जातो. डीसीपीबरोबर कॅल्शियमही कमी होतं, ते चुनखडीच्या पावडरीने हिशेबाने भर. सढळ हाताने घालू नकोस. कॅल्शियम वाढलं की फायटेजचंच काम अडतं. आणि दोन कंपन्यांची पाकिटं घेतलीस तरी त्यांच्या दाव्यांची बेरीज करू नकोस. एकच फॉस्फरस दोनदा सुटत नाही.

मका महागला की गहू, बाजरी, भाताचा कोंडा, सूर्यफूल पेंड वापरावीशी वाटते. जरूर वापर, पण तेव्हा झायलेनेज हवं. गव्हातला तंतुमय भाग आतड्यात चिकट होतो, विष्ठा ओली पडते, लिटर भिजतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. गवारीचा कोरमा घालणार असशील तर मॅननेज बघ. बुरशी लागलेल्या मक्याला मात्र यातलं काहीही वाचवत नाही; तो मका मिक्सरपर्यंत येऊच देऊ नकोस.

फायटेजच्या पाकिटावर ग्रॅमला 5000 युनिट लिहिलं असेल, तर टनाला फक्त 100 ग्रॅम लागतं. ते थेट मिक्सरमध्ये टाकलंस तर एका पोत्यात सगळं आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात हाताने कालव, मग ते दहा किलोत, मग मिक्सरमध्ये. एन्झाइम कोलीन क्लोराइडबरोबर एकत्र करून ठेवू नकोस. ते ओल ओढतं. पेलेट करून घेणार असशील तर गिरणीवाल्याला वाफेचं तापमान विचार. 80 अंशांच्या वर साधं एन्झाइम मरू लागतं, तिथे उष्णता सोसणारंच मागावं. खराडीहून माल नेताना चैत्र-वैशाखात नगर रोडवर उघड्या टेम्पोत पाकिटं तापवू नकोस, आणि पत्र्याखालीही ठेवू नकोस.

कंपनीच्या करारावर पक्षी घेतलेस, तर तिच्या खाद्यात आपल्या मनाने काही मिसळायचं नाही. त्यात त्यांनी एन्झाइम बहुधा आधीच घातलेलं असतं.

फरक पडला का, हे डोळ्यांनी ठरवू नकोस. एकाच लॉटची पिल्लं मधे जाळी लावून दोन भागांत ठेव, पाणी-ब्रूडिंग सारखं, फक्त एका बाजूला एन्झाइम. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी आणि विक्रीला वजन घे, खाद्य मोजून टाक, मर लिहून ठेव. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारं खाद्य, 1.65 वरून 1.60 वर आला, तर दोन किलोच्या पक्ष्यामागे 100 ग्रॅम खाद्य वाचतं. पाच हजार पक्ष्यांत पाचशे किलो. त्यातून पाकिटांची किंमत वजा कर.

पहिल्या लॉटची वजनं आली की फॉर्म्युल्याचा कागद घेऊन खराडीला ये. ते साडेसहा किलो डीसीपी पूर्ण उतरवायचं की अर्धंच, ते पायांचा कणखरपणा बघून ठरवू.