साडेसात किलोची विजेची स्कूटर

विजेची स्कूटर म्हटली की बसून चालवायची, दोन माणसांनाही न उचलणारी जड गाडी डोळ्यांपुढे येते. स्वित्झर्लंडच्या 'मायक्रो' कंपनीने मात्र 'ईमायक्रो वन' ही अवघ्या साडेसात किलो वजनाची स्कूटर काढली. ती उभ्याने चालवायची आणि घडी घालून हातात घ्यायची. ती कशी घडली, हे लहान कारखानदारांनी व कारागीर बंधूंनी समजून घेण्याजोगे आहे.

कंपनीचे संस्थापक श्री. विम औबोटर पूर्वी बँकेत नोकरीला होते. त्यांच्या बहिणीचा एक पाय जन्मतः आखूड. तिला सायकलपेक्षा पायाने ढकलायची स्कूटर सोयीची पडे, म्हणून ही वस्तू त्यांच्या घरात लहानपणापासून परिचयाची होती. पुढे १९९० च्या दशकात झुरिक शहरात त्यांना एक अडचण जाणवली. आवडीचे खाण्याचे दुकान पायी जायला लांब आणि गाडी काढायला फार जवळ! त्यांनी घडीची छोटी स्कूटर बनवली. नमुना काही काळ पडून राहिला. शेजारची मुले त्यावर खूश झालेली पाहून पत्नीने धंद्याचा आग्रह धरला. मग तैवानच्या कारखान्यात माल तयार होऊ लागला.

२००० साली या स्कूटरची जगभर लाट आली. मागोमाग स्वस्त नकला आल्या, बाजारात माल तुंबला आणि मागणी कोसळली. अनेकांनी हा धंदा सोडला. 'मायक्रो'ने मजबूत माल आणि सुटे भाग यांवर भर दिला. चाक झिजले तर नवी स्कूटर न घेता फक्त चाक बदलता येते, ही खात्री गिऱ्हाइकाला मिळाली.

विजेच्या स्कूटरमध्येही तोच हिशेब दिसतो. तिला वेग वाढवण्याची मूठ किंवा बटण नाही. पायाने ढकलले की यंत्रणा ती हालचाल ओळखते आणि मागच्या चाकातली मोटार जोर लावते. ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत जाते. काही काम पाय करतो आणि अंतर शहरातले, म्हणून बॅटरी लहान पुरते. बॅटरी लहान म्हणून वजन कमी, आणि वजन कमी म्हणून मोटारीवरचा भारही कमी. एका फेरीत साधारण दहा किलोमीटर जाता येते. लांबच्या प्रवासाला ती निरुपयोगी आहे, पण ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

नवा माल काढण्यापूर्वी आपणही गिऱ्हाइकाची गरज अशीच मोजून पाहावी. तो वस्तू किती वेळा उचलणार? कुठे ठेवणार? बिघडली तर भाग कोठून आणणार? वस्तूची नक्कल शेजारच्या गाळ्यात महिन्याभरात होते. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतात, त्याच्याकडे मात्र गिऱ्हाईक परत येते.