रेडटेल घेण्याआधी

चि. अनिकेत,


रेडटेल कॅटफिशचं पिल्लू घ्यायचं तू जवळजवळ ठरवलंयस, असं ताई फोनवर म्हणाली. पैसे देण्याआधी एवढं वाच.

पिल्लू मोहात पाडतंच. बोटाएवढा जीव, काळसर पाठ, अंगावर पांढरा पट्टा, नारिंगी शेपूट. पण हा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यातला मासा. तिथे तो चार फुटांपर्यंत वाढतो, वजन 40 किलोच्या वर जातं. पोटभर मिळालं तर पहिल्याच वर्षात फूट-दीड फूट होतो. टँक लहान असली की मासाही लहानच राहतो, असं कुणी सांगेल. विश्वास ठेवू नकोस. तो खुरटतो, आजारी पडतो आणि अकाली मरतो.

तुझी टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद. अडीच फूट वाढलेला मासा त्यात वळणार कसा? त्याला निदान 12 बाय 6 फुटांची, तीन फूट खोल टँक लागेल. तिच्यात 6,100 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजनच सहा टन. तुमच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नाही.

दिवसा तो तळाशी पडून असतो. दिवे मालवले की उठतो, मिशांच्या तीन जोड्यांनी तळ चाचपत फिरतो. भक्ष्य लागलं की तोंड एकदम उघडतं आणि पाण्यासकट ते आत ओढलं जातं. तोंडात मावेल ते सगळं त्याचं अन्न. कधी कधी खडेसुद्धा गिळतो. तुझे गोल्डफिश एकेक करून नाहीसे होतील. शिवाय एवढा खाणारा मासा घाणही तेवढीच करतो. फिल्टरमधले जिवाणू कमी पडले की पाण्यात अमोनिया साचतो आणि कल्ले जळतात.

मग घरात मावेना म्हणून लोक असे मासे तळ्यात सोडतात. हे मात्र कधीही करू नकोस. टँकसाठी आणला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतोय, याची मला फार चीड येते.

रात्री फिरणारा शिकारी मासाच हवा असेल तर आपल्या नद्यांतली शिंगटी ठेव. आकाराने खूपच लहान, मिशा तशाच लांब, अंधार पडला की तीही बाहेर येते. फक्त बारीक मासे तिच्यासोबत नकोत. लपायला मातीचं फुटकं मडकं आडवं ठेव, वाळू बारीक घे, टँकवर घट्ट झाकण लाव.

दुकानात जायच्या आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी