पडदा आणि फळा

वर्गात यंत्राचे स्थान कोणते, हा प्रश्न भारतात नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरदर्शन पोहोचले. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा असे. हिंदी, उडिया, कन्नड व तेलुगू यांपैकी प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

पडद्यावरील पाठ कोणासाठी थांबत नसे. एखादा शब्द निसटला, तर पुस्तकाचे पान उलटावे तसे मागे जाता येत नसे, आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलाचे शब्द तर वारंवार निसटतात. म्हणून अशा पाठाआधी नवे शब्द फळ्यावर लिहून ते मुलांकडून वाचवून घेणे, व संच बंद झाल्यावर पाहिलेल्या गोष्टीविषयी प्रत्येकाकडून निदान एक वाक्य लिहून घेणे हे काम शिक्षकाकडेच राहते. प्रयोगाच्या योजकांनी हे बहुधा ओळखले असावे. सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षणही याच माध्यमातून देण्यात आले.

आज संगणकावर पाठ हवा तेथे थांबविता येतो. मात्र मूल कोणत्या शब्दाशी अडले, हे त्याच्या वहीतच अधिक स्पष्ट दिसते.