गव्हावांचून बिस्किटें : भेटीसाठीं घरचें तयार पीठ

भातकापणी आटोपून खळ्यावरची रास घरीं येऊं लागली, म्हणजे कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील शेतकरी शहरांतल्या आप्तेष्टांकडे नवे तांदूळ, नाचणी, वाल असें कांहींतरी पाठवीत असतो. ही चाल जुनी आहे व चांगली आहे. परंतु कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या घरांतून हल्लीं एक निराळीच अडचण ऐकूं येते. घरांतील एका मुलाला डॉक्टरांनीं गहूं कायमचा वर्ज्य सांगितलेला असतो. दिवाळींत फराळाचीं ताटें येतात, बिस्किटांचे पुडे येतात, आणि त्या मुलाला त्यांतील बहुतेक जिनसांना हात लावतां येत नाहीं. अशा घरीं देण्याजोगें बिस्किटांचें कोरडें तयार पीठ आपल्याच शेतांतील धान्यांचें कसें करावें, हें येथें सांगावयाचें आहे. कृति सोपी आहे. तींत सांभाळावयाची गोष्ट एकच आहे, पण ती कृतीहून मोठी आहे.

या विकाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. गहूं, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणीक भिजविली असतां जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सीलिअ‍ॅकच्या रोग्यानें हें प्रथिन खाल्लें, कीं त्याच्याच शरीरांतील संरक्षक शक्ति लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्न अंगीं लागत नाहीं, पोट बिघडतें, रक्त कमी होतें व मुलांची वाढ खुंटते. विलेम डिके या डच बालवैद्यानें गव्हाशीं या रोगाचा असलेला संबंध अभ्यासिला व १९५० सालीं त्यावर प्रबंध लिहिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत युद्धामुळें दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें उपासमारींतही सुधारलीं, आणि पाव पुन्हां येतांच पुन्हां बिघडलीं, असें दिसून आलें होतें. आजही यावर औषध नाहीं. जन्मभर पथ्य हाच उपाय. (कोणाला असा संशय असल्यास त्यानें तपासणीपूर्वीं आपल्या मनानें गहूं सोडूं नये, सोडल्यास रक्ताची व आंतड्याची तपासणी फसते.)

तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा व सर्व कडधान्यें यांत हें प्रथिन नाहीं. म्हणजे आमच्या वरकस जमिनींत जें पिकतें तें सारें या रोग्याला चालतें. शिवाय कोंकणपट्टींत गव्हाचें पीक जवळजवळ नसल्यामुळें शेतांत किंवा खळ्यावर भेसळ होण्याचें कारणही थोडें. देशावरच्या शेतकऱ्याला एकाच मळणीयंत्रांतून गहूं व ज्वारी काढावी लागते. तें संकट आपणांवर नाहीं. आपलें धान्य खळ्यापर्यंत शुद्ध असतें. तें बाटतें पुढें, बारदानांत आणि गिरणींत.

किती थोड्यानें बाटतें तें पाहा. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणावयाच्या पदार्थांत एका किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें, अशी मर्यादा आपल्या देशांतील अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंही घातलेली आहे. गव्हाच्या पिठांत सुमारें आठ टक्के ग्लूटेन धरलें, तर २० मिलिग्रॅम म्हणजे पाव ग्रॅम पीठ झालें. एक किलो नाचणीच्या पिठांत गव्हाचें चिमूटभर पीठ पडलें, कीं मर्यादा ओलांडली. आणि गिरणीच्या दगडांत, नळींत व पिशवींत मागल्या दळणाचें किती पीठ राहतें, हें कोणाही शेतकऱ्याला सांगावयास नको.

आम्हीं स्वतः ही चूक केलेली आहे. नाचणी निवडून, धुऊन, वाळवून मोठ्या हौसेनें गांवच्या गिरणींत दळून आणली, आणि कल्याणास एका नातलगाच्या घरीं पोंचविली. त्या घरच्या सूनबाईंनीं डबा घेतला, आभार मानले, आणि थोड्या संकोचानें विचारिलें, “काका, याच्या आधीं गिरणींत काय दळलें होतें हो?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो डबा शेजारच्या घरीं गेला.

तेव्हां पहिला नियम असा, कीं हें पीठ गहूं दळणाऱ्या गिरणींत दळूं नये. आधीं दोन किलो तांदूळ दळून मग आपलें दळण घालावें, असें कोणी सुचवितात. त्यानें भेसळ कमी होते, पण नाहींशी झाली असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं, व रोग्याच्या बाबतींत खात्रीच पाहिजे. घरांत जातें असेल व त्यावर गहूं कधींच दळला नसेल, तर तें उत्तम. गहूं दळलेलें जातें धुऊन चालत नाहीं, कारण टाकीच्या खांचांत पीठ बसलेलें असतें. जातें नसल्यास चार घरांनीं मिळून एक लहान विजेची घरघंटी घ्यावी व तींत गहूं घालावयाचा नाहीं असें ठरवावें. अगदीं थोडें पीठ हवें असेल तर मिक्सरचें भांडें नीट धुऊन त्यांत दळून, बारीक वस्त्रानें गाळून घेतलें तरी भागतें. कणकेची चाळणी मात्र कोणत्याही परिस्थितींत वापरूं नये. सूप व पोतीं यांचाही तोच न्याय. गव्हाचें रिकामें पोतें झटकून त्यांत नाचणी भरण्याची आपली संवय येथें नडते.

आतां प्रमाण. दहा भेटींकरितां नाचणीचें पीठ दीड किलो, तांदुळाचें एक किलो, हरभऱ्याच्या डाळीचें अर्धा किलो व साखर एक किलो तीनशें ग्रॅम घ्यावी. तांदुळाला अख्खा दाणा लागत नाहीं. भात भरडतांना पडलेली स्वतःच्या भाताची कणी याला उत्कृष्ट. बाजारांतली कणी कोठून आली हें कळत नसल्यामुळें ती घेऊं नये. बाजारचें तयार बेसनही नको. भाताच्या मागून केलेल्या हरभऱ्याची डाळ घरीं पाडून तिचें पीठ करावें. साखर घरींच दळावी. गूळ चवीला अधिक चांगला, पण तो ओल धरतो व बरणींत गोळे होतात.

नाचणी तीन पाण्यांनीं धुऊन, खडे काढून, दोन उन्हें चांगली वाळवावी. दांताखालीं कट्कन फुटेपर्यंत ती वाळली नाहीं तर पीठ पंधरा दिवसांत कुबट होतें. दळल्यावर तिन्ही पिठें वेगवेगळीं, नव्या किंवा स्वच्छ घांसलेल्या कढईंत मंद विस्तवावर खमंग वास येईपर्यंत भाजावीं. नाचणी लाल असल्यामुळें तिचा करपा डोळ्यांना दिसत नाहीं. येथें नाकावर भिस्त ठेवावी. भाजल्यानें कच्चटपणा जातो आणि पीठ महिनाभर सुखानें टिकतें. पूर्ण थंड झाल्यावांचून बरणींत भरूं नये. ऊन पिठाला आंतून घाम येतो व बुरशी धरते.

थंड पिठांत साखर, अडीच चहाचे चमचे खाण्याचा सोडा, तेवढेंच मीठ व एका जायफळाची पूड घालून सर्व तीनदां चाळावें. सोड्याचा एक खडा राहिला तरी तेवढें बिस्किट कडू होतें. बेकिंग पावडर आम्ही मुद्दाम टाळतों, कारण तींत पिष्ट मिसळलेलें असतें व तें कशाचें हें पुड्यावर पाहावें लागतें. कांहीं हौशी लोक कांचेच्या बरणींत नाचणीचा तांबूस, तांदुळाचा पांढरा व बेसनाचा पिवळा थर रचून देतात. दिसावयास तें सुरेख दिसतें खरें. पण मग सोडा एकाच थरांत राहतो व कालविणाऱ्यानें आळस केला कीं घाणा बिघडतो. आम्हांला एकजीव केलेलें पीठच बरें वाटतें.

प्रत्येक बरणींत सुमारें ४३० ग्रॅम पीठ भरून वर चिठ्ठी लावावी. तींत सर्व जिनसांचीं नांवें, दळल्याची तारीख आणि कशावर दळलें हें स्पष्ट लिहावें. ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द मात्र लिहूं नये; तो प्रयोगशाळेंत तपासल्यावर लिहावयाचा आहे. “गहूं न दळलेल्या जात्यावर दळलें” एवढें खरें वाक्य त्या घरच्या माउलीला अधिक उपयोगी पडतें. कोणास हें पीठ विकावयाचें असेल तर त्यानें अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी व पिठाची तपासणी या दोन्ही गोष्टी आधीं कराव्या. २०२३ हें भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नाचणीच्या नांवाचीं बिस्किटें पुष्कळ निघालीं आहेत. पुड्याच्या मागें पाहिलें तर अनेकांत मैदा किंवा कणीक आढळते.

चिठ्ठीच्या पाठीमागें कृति लिहावी, ती अशी : १५० ग्रॅम थिजलेलें घरचें तूप हातानें फेसून पांढरें करावें, त्यांत बरणींतलें पीठ व दोन चमचे दहीं घालून गोळा करावा. दह्याच्या आंबटपणानें सोडा फुलतो. ग्लूटेन नसल्यामुळें हा गोळा कणकेसारखा चिवट होत नाहीं, भुसभुशीत राहतो. म्हणून घाबरून पाणी ओतूं नये. अर्धा तास झांकून ठेवला म्हणजे तांदुळाचें पीठ ओल शोषून घेतें व रवाळपणा जातो. मग सुपारीएवढ्या गोळ्या चपट्या करून भट्टींत १६० अंश उष्णतेवर अठरा-वीस मिनिटें भाजाव्या. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत मिठाचा थर घालून, त्यावर कडें ठेवून, ताटलींत गोळ्या मांडून झांकणाखालीं मंद आंचेवर पंचवीस मिनिटें ठेवाव्या. ताटली गव्हाच्या पदार्थाची असेल तर तिच्यावर कोरा कागद घालावा. एका बरणींत सुमारें तीस बिस्किटें होतात. ऊन असतांना तीं हात लावतांच मोडतात, म्हणून ताटलींतच निवूं द्यावीं. पुरतीं गार झालीं म्हणजे आपोआप घट्ट होतात.