आकडे मागून घ्या

"तुम्ही आधी नीट विचारलं नसेल," असं जर्मनीत आखनमधल्या ओळखीच्यांपासून सांगलीच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. विचारलं होतं. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनआधी प्रत्येक तपासणीला मी सोबत होते. प्रश्नांची यादी तिने जर्मनमध्ये लिहून नेली होती. क्लिनिकच्या सल्लागार बाईंनी ती यादी हसतमुखाने वाचली आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं: काळजी करू नका, हे भिंग कधीही काढता येतं.

बहिणीचा नंबर उणे नऊच्या पुढे, कॉर्निया पातळ. त्यामुळे लेझर बाद झालं आणि आयसीएल, म्हणजे डोळ्यात भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया, उरली. यात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जागेवरच राहतं. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं मऊ भिंग आत सोडतात आणि ते बाहुलीमागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवतात. युरोपात ही भिंगं १९९७ पासून आहेत, अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली. डोळ्यात भिंग ठेवण्याची कल्पना त्याहून जुनी. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाला पहिलं भिंग बसवलं. हॉलंडच्या यान वोर्स्ट यांनी परितारिकेला चिमट्यासारखं अडकणारं भिंग बनवलं आणि अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ते भारतात रुजवलं. म्हणजे शास्त्र पक्कं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मापाची. नैसर्गिक भिंग आणि बसवलेलं भिंग यांच्यामधल्या फटीला व्हॉल्ट म्हणतात. साधारण २५० ते ७५० मायक्रॉन ही चांगली फट. ती फारच कमी राहिली तर मोतीबिंदूची भीती. जास्त झाली तर परितारिका पुढे ढकलली जाते, डोळ्यातलं पाणी निघून जाण्याची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. हे भिंग सहसा १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर अशा चारच मापांत मिळतं, पण माणसांचे डोळे काही चार मापांत येत नाहीत. कोणतं माप घ्यायचं याचा अंदाज कॉर्नियाची रुंदी आणि पुढच्या कप्प्याची खोली मोजून बांधतात. अंदाज चांगल्या सर्जनचाही चुकू शकतो. तो चुकला हे रुग्णाला सांगायला मात्र कौशल्य लागत नाही.

ऑपरेशननंतर बहिणीला भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता. क्लिनिक त्यावरच खूश. संध्याकाळी कपाळ ठणकायचं, बसच्या दिव्यांभोवती वर्तुळं दिसायची. वर्तुळांचं एक कारण खरंच निरुपद्रवी असतं. नव्या भिंगांच्या मध्यभागी पाणी वाहण्यासाठी ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, त्याने दिव्यांभोवती कडं दिसतं आणि बहुतेकांना त्याची सवय होते. क्लिनिकने डोकेदुखीही त्याच खात्यात टाकली. थकवा असेल, कॉम्प्युटरचं काम असेल, थोडा धीर धरा.

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ओसीटी यंत्रावर डोळ्याचा आडवा छेद काढला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. वर कॉर्निया, खाली भिंगाची उंच कमान. व्हॉल्ट एक हजार मायक्रॉनच्या वर आणि डोळ्याचा दाबही चढलेला. "तिथे हे मोजलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. तेव्हा बहिणीने आधीच्या क्लिनिककडून पूर्ण फाइल मागवली. पहिल्या आठवड्यातल्या तपासणीच्या पानावर जवळपास तोच आकडा होता. मोजलं नसतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. इथे मोजलं होतं, लिहिलं होतं, आणि त्याच दिवशी "सगळं उत्तम" म्हणून आम्हाला हात हलवून निरोप दिला होता.

जाब विचारल्यावर सल्लागार बाई फोनवर येईनाशा झाल्या. "कधीही काढता येतं" हे वाक्य बदलून "बदलण्याचा खर्च वेगळा" असं झालं. काढता येतं हे खरंच आहे. पण त्यासाठी पुन्हा ऑपरेशन, पुन्हा छेद, आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींना पुन्हा धक्का. या पेशी एकदा गेल्या की नव्याने तयार होत नाहीत. बाहुलीच्या पुढे बसणारं कॅशे नावाचं भिंग याच पेशींच्या घटीमुळे बाजारातून गेलं. हे क्लिनिकच्या गुळगुळीत माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते. ऑपरेशनआधी पुढच्या कप्प्याची खोली आणि पेशींची संख्या कागदावर घ्या. युरोपात ही खोली साधारण २.८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हे भिंग बसवत नाहीत. मोजणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स सांगितलेले दिवस पूर्ण बंद ठेवा. ऑपरेशननंतर दर तपासणीला व्हॉल्ट आणि दाब हे दोन आकडे तोंडाने विचारा आणि लिहून घ्या. भिंगाचं इम्प्लांट कार्ड जपून ठेवा. युरोपीय नियमानुसार ते रुग्णाला द्यावंच लागतं.

जर्मनीत २०१३ पासून रुग्णहक्क कायद्याच्या तरतुदी नागरी संहितेतच आहेत. धोके डॉक्टरांनी समोर बसून, विचार करायला वेळ राहील इतक्या आधी सांगायचे असतात. सरकारी विमा देणार नसेल तर खर्चाचा अंदाज लेखी द्यायचा असतो. फाइल पाहणं हा तुमचा हक्क आहे, आणि पहिली प्रत मोफत मिळायला हवी हे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीतल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. आणखी एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. चूक झाल्याची चिन्हं दिसत असतील आणि रुग्णाने थेट विचारलं, तर डॉक्टरांना ते सांगावं लागतं. म्हणून आडून विचारू नका. "उपचारात चूक झाली का?" असं सरळ विचारा आणि तेही लेखी.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन स्वस्तात उरकून यायचा बेत इथल्या अनेक मराठी घरांत शिजतो. पुण्यात उत्तम सर्जन आहेत. पण पहिल्या काही आठवड्यांत दाब कोण पाहणार, याचं उत्तर विमानाचं तिकीट काढण्याआधी हवं. बाकी नेहमीचं: घाई करू नका, दुसरं मत घ्या, सवलतीच्या जाहिरातीला भुलू नका. आणि नंबर गेला तरी डोळा लांबट तो लांबटच राहतो. दृष्टिपटल सुटण्याचा धोका कमी होत नाही. अचानक विजा चमकल्यासारखं झालं किंवा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बहिणीच्या डोळ्यांत आता लहान मापाची भिंगं आहेत. दाब ताब्यात आहे, डोकेदुखी थांबली आहे, पेशींची मोजणी दरवर्षी करायची आहे. आखन ज्या भागात येतं त्या नॉर्डराइन वैद्यक मंडळाची, उपचारातल्या चुका तपासणारी समिती १९७५ पासून काम करते. तिथे रुग्णाला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. बहिणीचा अर्ज तिथे दाखल आहे. बदलाच्या बिलातला काही भाग क्लिनिकने सोडला, पण पहिल्या आठवड्यातला तो आकडा तिला का सांगितला नाही, याचं लेखी उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.