जबड्याचा सांधा : दुखणे आणि दक्षता

मार्चअखेरीस हिशेब जुळविताना आपण नकळत दात आवळून बसतो आणि सायंकाळी कानाजवळ ठणका लागतो. अशा वेळी दुखणे बहुधा जबड्याच्या सांध्याचे वा स्नायूंचे असते. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास हा सांधा हाताला लागतो. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. त्याच्या दोन हाडांमध्ये एक चिवट चकती असते.

उपाय साधे आहेत. ओठ मिटावेत, पण दात सुटे ठेवावेत. काही दिवस मऊ अन्न घ्यावे, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा, गरम शेक घ्यावा. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. जबड्याबरोबर छातीतही दुखून घाम सुटल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमच्या म्हैसूरचे विड्याचे पान भौगोलिक मानांकन मिळविलेले. तथापि विड्यातील सुपारी सतत चघळल्याने जबडा शिणतो. शिवाय गालांची अंतस्त्वचा ताठर होऊन तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते. हा विकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नमूद केले आहे. म्हणून तोंड उघडेनासे झाल्यास सांधा आखडला असे समजून नुसते शेकत बसू नये. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये मावत नसतील, किंवा तिखटाने तोंडाची आग होत असेल, तर सुपारी त्याच दिवशी सोडावी आणि दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी.